फुटला तर पैसे कोण भरणार?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचं हे पत्र. शाळा पहिली ते चौथी, पट १६४, त्यांच्यासह शिक्षक सात. बहुतेक घरांत आई विड्या वळते, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. घरची भाषा तेलुगू, काही ठिकाणी कन्नड. शाळेचे एक माजी विद्यार्थी आज टॉवेलचे कारखानदार आहेत. आईच्या स्मरणार्थ शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायची त्यांची इच्छा आहे. जूनमध्ये शाळा उघडेल त्याच दिवशी वाटपाचा कार्यक्रम व्हावा, असं संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं. बाईंनी वायरिंगचं कोटेशन मागवलं, कपाटांची मापं घेतली, वाय-फायवाल्याला बोलावलं. पण सहकारी धास्तावले आहेत. एक शिक्षिका म्हणाल्या, "मोबाइलवर हजेरी भरतानाच मला घाम फुटतो." पालकसभेत एका आईने उठून विचारलं, "फुटला तर पैसे कोण भरणार?" आणि सगळे हसले. मुख्याध्यापिकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. त्या विचारतात, "चार महिन्यांत शाळा तयार कशी करू? खरं सांगायचं तर मनातून नको वाटतंय. पण एवढं देणाऱ्याला नाही म्हणणं हा कृतघ्नपणा होणार नाही का?"

बाई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्या आईने विचारलेला आहे. सभेत सगळे हसले आणि पत्रात तुम्हीही पुढच्याच ओळीत वायरिंगवर गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

ती बाई विड्या वळत असेल, तर तिचा हिशोब पक्का असतो. हजार विड्यांमागे जी मजुरी हातात पडते तिच्या मापाने लॅपटॉपचा एक स्क्रीन म्हणजे कित्येक दिवसांचं काम. तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे कुणाच्या पदरातून जातात, हेही तिला ठाऊक आहे. म्हणून तिने सगळ्यात आधी तेच विचारलं. त्या सभेत तिला उत्तर मिळालं नसेल, तर तिने घरी जाऊन पोराला काय सांगितलं असेल? "हात लावू नकोस. बाई म्हणतील तेवढंच कर."

हात न लावणारी मुलं मी पाहिली आहेत. मी शिकवत होते त्या एका शाळेत २००० सालाच्या सुमारास दहा संगणक आले. नारळ फुटला, लाल मखमलीची आच्छादनं शिवून घेतली, खोलीच्या दाराशी चपला काढायचा नियम झाला. एका आठवड्यात कुणाच्या तरी हातून कीबोर्डचं एक बटण निघालं आणि त्या मुलाच्या घरी चिठ्ठी गेली. त्यानंतरच्या तासाला तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. मी म्हटलं, "अ दाब." त्याने आधी बोट चड्डीला पुसलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बोट बटणाच्या वर तसंच धरून ठेवलं. मी दोनदा सांगितलं तरी बोट खाली येईना. काही वर्षांनी ते संगणक भंगारात निघाले, तेव्हा कीबोर्डवरची अक्षरं नव्यासारखी कोरी होती.

तुम्ही आत्ता जी तयारी करताय ती कपाट, तार आणि कुलूप यांची आहे. तीही लागणार आहे, पुढे त्याबद्दल लिहितेच. पण शाळा तयार करायची म्हणजे आधी मोडतोडीची तयारी करायची. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती वस्तू दिली की ती पडणार, तिच्यावर पाणी सांडणार, चार्जरची पिन वाकणार. हे होणारच असं गृहीत धरून कागद तयार असले, तर मुलं मोकळ्या हाताने शिकतील. नसले, तर १६४ लॅपटॉप कपाटात सुखरूप राहतील आणि तुम्हालाही तेच बरं वाटू लागेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती ओळींच्या मधून दिसली. चूक असेल तर क्षमा करा. हे लॅपटॉप डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढतील, खाली सही तुमची असेल, आणि दोन वर्षांनी निवृत्त होताना पुढच्या मुख्याध्यापकाला चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागेल. मुख्याध्यापकाला त्या रजिस्टरची किती धास्ती असते, हे शाळेबाहेरच्या माणसाला कळत नाही. तुमच्या "मनातून नको वाटतंय"मध्ये याचा वाटा मोठा असावा. यात कृतघ्नपणा कुठेच नाही. जबाबदारी एकटीच्या गळ्यात पडणार असेल तर कोणालाही नको वाटेल.

म्हणून पहिलं काम ठरावाचं. लॅपटॉप यायच्या आधी संस्थेच्या बैठकीत आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. शाळेत वापरताना झालेल्या मोडतोडीचा भार पालकावर किंवा शिक्षकावर पडणार नाही. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या निधीतून होईल. दुरुस्त होण्यासारखा नसलेला नग किती दिवसांत, कुणाच्या सहीने निर्लेखित करायचा, म्हणजे रजिस्टरमधून कमी करायचा, तेही त्यात लिहा. ठरावाची एक प्रत तुमच्या फाइलीत ठेवा. चार्ज देताना ती कामाला येईल. त्या आईला द्यायचं उत्तरही याच कागदात आहे.

आता "प्रत्येक मुलाला" या शब्दांकडे येऊ. तुम्ही ते जसेच्या तसे स्वीकारलेत, देणाऱ्याने म्हटलं म्हणून. पण प्रत्येक मुलाचा स्वतःचा लॅपटॉप आणि प्रत्येक मुलाच्या हाती तासाला एक लॅपटॉप, यांत फरक आहे. पहिला प्रकार जगात करून पाहिला गेलाय. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत २००७ मध्येच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक मोहिमेतून मुलागणिक एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. त्याच मोहिमेतून पेरू देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. उरुग्वेनेही २००७ मध्येच सुरुवात केली, पण आधी एका लहानशा गावातल्या जेमतेम दीडशे मुलांच्या शाळेत. तिथून २००९ पर्यंत देशातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत ते पोहोचले आणि दुरुस्ती, इंटरनेट, शिक्षकांचं प्रशिक्षण यांसाठी कायमची यंत्रणा उभी केली. तीच यंत्रणा आजही ते काम चालवते आहे. तुमची शाळा त्या पहिल्या शाळेएवढीच आहे. घाई न करता सुरुवात करायला हा आकार फार चांगला.

माझं स्पष्ट मत सांगते. पहिली-दुसरीला लॅपटॉप देऊ नका. त्या वयात बोटांना पाटी, खडू, चिकणमाती आणि पेन्सिल हवी. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेचं उद्दिष्ट तुमच्यासमोर आहेच. घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी अक्षरांशी झटत असताना मध्ये आणखी एक यंत्र कशाला? तिसरी-चौथीत मात्र जरूर द्या. तुमच्याकडे या दोन्ही वर्गांत मिळून चौऱ्याऐंशी मुलं आहेत, म्हणजे वर्गाला बेचाळीस. पहिल्या वर्षी पंचावन्न लॅपटॉप पुरतात: बेचाळीस मुलांसाठी, सात शिक्षकांसाठी आणि सहा जादा. एका लॅपटॉपचे दोन धनी, तिसरीतला एक आणि चौथीतला एक. झाकणावर दोघांची नावं चिकटवा. एका दिवशी एक वर्ग, दुसऱ्या दिवशी दुसरा. आणि हे जादाचे सहा सगळ्यात महत्त्वाचे. एखाद्याचा बिघडला की त्याच मिनिटाला दुसरा हातात आला पाहिजे. "तू शेजाऱ्याचं बघ" हे वाक्य वर्गात यायला नको.

घरी न्यायचा प्रश्न अवघड आहे, आणि मला त्यात दोन्ही बाजू दिसतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही बापाच्या खिशात, त्या घरातलं मूल मागे पडलं. तुमची बरीच मुलं त्यातलीच असतील. घरी साधन हवं, ही मागणी खरी आहे. पण एका खोलीच्या घरात, जिथे संध्याकाळी सुपात तेंदूपत्ता पसरलेला असतो, तिथे लॅपटॉप ठेवायचा कुठे? त्याची रात्रभर राखण कुणी करायची? ती राखण आईवरच येणार. म्हणून पहिलं वर्षभर तरी तो शाळेतच राहू द्या आणि शाळा सुटल्यावर तासभर एक वर्ग उघडा ठेवा. ज्याला यायचं तो येईल, धाकट्या भावंडाला घेऊन येईल. वर्षाअखेरीला पुन्हा विचार करा.

विजेचं गणित मात्र कोटेशनवाल्यावर सोडू नका, वहीत स्वतः मांडा. लहान लॅपटॉपचा चार्जर साधारण ४५ वॉटचा धरा. १६४ एकदम लावले तर ७,३८० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला ३२ अँपियर. बेचाळीस लावले तर १,८९० वॉट, आठ अँपियरच्या थोडं वर. भिंतीवरचं साधं सॉकेट सहा अँपियरचं असतं. त्यात एक एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड, असं कुणी सुचवलं तर सरळ नकार द्या. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग हवं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो आजच बघा. कमी असेल तर वाढवायचा अर्ज आत्ताच द्या, जूनमध्ये धावपळ नको.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि हे लॅपटॉप साधारणपणे पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे म्हणून बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीतलं बंद लोखंडी कपाट त्यांच्यासाठी भट्टी होईल. तळमजल्यावरची, दक्षिण-पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली निवडा. कपाटाच्या दारांना भोकं पाडून घ्या. शाळा सकाळची झाली की लॅपटॉपचा तास पहिला घ्या. मेच्या सुट्टीत बॅटरी अर्धी भरून, पूर्ण बंद करून ठेवा आणि मध्ये एकदा कुणीतरी येऊन बघून जाऊ द्या. आणखी एक, हे शहराबाहेरचा विक्रेता तुम्हाला सांगणार नाही: तुमच्या आसपास लूम आहेत, हवेत सुताचा बारीक भुसा असतो. पंखा असलेल्या लॅपटॉपच्या जाळीत तो जाऊन बसतो, यंत्र तापतं आणि बंद पडतं. म्हणून बिनपंख्याचं मॉडेल मागा. ते थोडं संथ चालेल, चौथीच्या मुलाला त्याने काही बिघडत नाही.

वाय-फायवर फार विसंबू नका. बेचाळीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला तर प्रत्येकी एक एमबीपीएस वेग धरला तरी बेचाळीस एमबीपीएसचं इंटरनेट लागतं, आणि सगळं अडकलं की तास हातचा जातो. बालभारतीची पुस्तकं उतरवून घ्या. चित्रांसाठी टक्सपेंट, कोड्यांसाठी आणि गोष्टी हलत्या करण्यासाठी स्क्रॅच, लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस. हे सगळं फुकट मिळतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. मुलांची नावं आणि पालकांचे नंबर देऊन कुठल्या ॲपवर खाती उघडू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे.

मराठी टायपिंग पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टने, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या कीबोर्ड-मांडणीने शिकवा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय मोठ्यांना बरी वाटते. पण तिसरीतल्या मुलाला "कमळ" लिहिताना आधी इंग्रजी अक्षरं आठवावी लागली, तर त्याचं दोन्हीकडून नुकसान होतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही मांडणी लवकर हाताशी येते. बटणांवर चिकटवायची देवनागरी स्टिकर मिळतात, तेवढा खर्च करा.

शिक्षकांबद्दल तुम्ही लिहिलंत की "वय झालंय, आता काय शिकणार". हे मला पटलं नाही. ज्यांना हजेरी भरताना घाम फुटतो त्या बाईंची भीती आणि त्या आईची भीती एकच आहे: चुकलं तर माझ्यावर येईल. सात लॅपटॉप मार्चमध्येच मागून घ्या आणि शिक्षकांना घरी न्यायला द्या. प्रशिक्षण नको, अहवाल नको. घरी भाच्यांना खेळू दे, हळदीकुंकवाची यादी करू दे, स्वतःची गाणी ऐकू दे. एप्रिलच्या अखेरीस प्रत्येकाने एकाच गोष्टीची तयारी करून आणायची: माझ्या वर्गातला असा कुठला धडा आहे, जो फळ्यावर नीट जमत नाही आणि यावर जमेल?

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक त्यांच्या भाषेत आणलं, त्याला क्यूआर कोड जोडले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मला त्यातलं पुरस्कारापेक्षा पहिलं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर आहे, हे एका शिक्षकाला दिसलं. साधन त्यानंतर आलं. तुमच्याकडे तेलुगू आहे. चौथीच्या मुलांना आजीची एक गोष्ट तेलुगूत रेकॉर्ड करून आणायला सांगा, आणि मग वर्गात बसून ती मराठीत लिहू द्या, एका लॅपटॉपवर एकाने. या एका कामात ऐकणं, भाषांतर, टायपिंग आणि शुद्धलेखन सगळं येतं.

राहिले देणगीदार. त्यांना "नाही" म्हणू नका, पण आकडा बदलायला सांगा, आणि त्यांच्याच भाषेत सांगा. ते कारखाना चालवतात. लूम आणला आणि जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा कारागीर, ठेवला नाही, स्पेअर ठेवले नाहीत, तर काय होतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या कार्यालयात जाऊन एवढंच म्हणा: "साहेब, १६४ ऐवजी पंचावन्न घ्या. उरलेल्यात जॉबर द्या." म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा दुरुस्तीवाला, सुटे चार्जर, बॅटऱ्या आणि बँकेत वेगळा ठेवलेला निधी. दर वर्षी खरेदीच्या दहा टक्के रक्कम दुरुस्तीला लागेल असं धरून चाला. वॉरंटीत पडून फुटलेला स्क्रीन साधारणपणे बसत नाही, हेही त्यांना दाखवा. आईचं नाव द्यायचं असेल तर ते या दुरुस्ती निधीला द्या. कुणाचा तरी लॅपटॉप फुटला आणि त्या माउलीच्या नावाने तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आला, तर ते नाव मुलांच्या तोंडी राहील.

अध्यक्षांना कार्यक्रम हवाच असेल तर तो २६ जानेवारीला ठेवा. लॅपटॉप दिवाळीनंतर तिसरी-चौथीच्या हातात जाऊ द्या. संक्रांतीच्या वेळच्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपली की मुलांनी आजीच्या गोष्टी पाहुण्यांसमोर वाचून दाखवाव्यात. रिकामा लॅपटॉप हातात धरून फोटो काढण्यापेक्षा अध्यक्षांनाही हे जास्त आवडेल, त्यांना विचारून तर बघा.

आणि एक काम याच आठवड्यात करा. ठरावाचा कच्चा मसुदा झाला की त्या आईला निरोप पाठवा. कारखान्यात विड्या देऊन ती परत येईल ती वेळ धरा, तिचा रोज बुडवू नका. तुमच्या शाळेत तेलुगू येणारं कुणी असेलच, त्यांच्याकडून मसुदा तिला वाचून दाखवा. तिला अजून काही विचारायचं असेल तर ते मसुद्यात घाला. मग पुढच्या पालकसभेत तिचा प्रश्न तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, खाली उत्तर वाचा, आणि समोर टेबलावर एक लॅपटॉप ठेवून झाकण आधी तिला उघडू द्या.